लहानग्यांच्या पडद्यावर पुढची चित्रफीत कोणती, हे ठरवायचे कोणी?

- प्रतिनिधी

मूल जेवत नाही, रडते, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याची पद्धत शहरांतील घराघरांत आता चांगलीच रुळली आहे. पालक यू-ट्यूबवर एखादे बडबडगीत लावून देतात आणि स्वयंपाकाकडे किंवा कार्यालयीन कामाकडे वळतात. पहिली चित्रफीत त्यांनी निवडलेली असते. दुसरी, पाचवी आणि विसावी मात्र त्यांनी निवडलेली नसते. ती सुचवते संगणकीय प्रणाली आणि तिच्यावर बोट ठेवते ज्याला अजून वाचताही येत नाही असे तीन-चार वर्षांचे मूल. अर्ध्या तासाने पालक परत येतात, तेव्हा पडद्यावर बडबडगीताऐवजी आरडाओरड, खेळण्यांची जाहिरातबाजी किंवा मुलाला रात्री झोपू न देणारे एखादे भीतिदायक दृश्य असू शकते.

मुलाला पडदा द्यावा की नाही, यावर मतभेद असू शकतात. परंतु तो दिलाच, तर त्यावर काय सुचविले जाईल याचा लगाम पालकांच्या हाती असायला हवा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. हा लगाम उपलब्ध आहे. मात्र तो वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेला असल्याने अनेकांना सापडत नाही. त्याची ही एकत्रित माहिती.

शिफारस ठरते कशी?

यू-ट्यूब हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले आणि २००६ मध्ये गुगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. सुरुवातीच्या काळात एखादी चित्रफीत किती वेळा उघडली गेली, याला तेथे महत्त्व होते. २०१२ मध्ये हा निकष बदलला आणि ती किती वेळ पाहिली गेली, हे अधिक महत्त्वाचे ठरले. २०१५ मध्ये एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू करणारी ‘ऑटोप्ले’ ही सोय आली.

गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या प्रणालीचे दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात लाखो चित्रफितींमधून प्रेक्षकाच्या आजवरच्या पाहण्यावरून काहीशे चित्रफिती वेगळ्या काढल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात, यांपैकी कोणती चित्रफीत हा प्रेक्षक अधिक वेळ पाहील, या अंदाजानुसार त्यांचा क्रम लावला जातो. यू-ट्यूबवर लोक जितका वेळ घालवतात, त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ प्रणालीने सुचविलेल्या चित्रफितींवर जातो, असे कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले होते.

प्रौढांच्या बाबतीत ही पद्धत काही प्रमाणात त्यांची आवड ओळखते. लहान मुलांच्या बाबतीत तिचा पायाच डळमळीत होतो. तीन वर्षांचे मूल एकच गाणे वीस वेळा पाहते. त्याचे बोट रंगीत आणि मोठ्या डोळ्यांच्या चित्रावर पडते, कधी चुकूनही पडते. घाबरले तरी ते पडद्यावरून नजर काढतेच असे नाही. प्रणालीच्या हिशेबी मात्र हे सारे ‘आवडले’ याच रकान्यात जमा होते.

त्यात आपल्याकडे एकाच मोबाइलवर आजोबांचे कीर्तन, वडिलांच्या बातम्या, ताईची चित्रपटगीते आणि धाकट्याची बडबडगीते चालतात. फोन कोणाच्या हातात आहे हे प्रणालीला कळत नाही. परिणामी, आईला कार्टून सुचविली जातात आणि मुलाला गुन्हेगारी मालिकांचे तुकडे.

२०१७ चा धडा

ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी आणि ब्रिटिश लेखक जेम्स ब्रायडल यांनी एक प्रकार उजेडात आणला. पेपा पिग, ‘फ्रोझन’मधील एल्सा, स्पायडरमॅन अशा मुलांच्या लाडक्या पात्रांची नक्कल करून हिंसक, विकृत किंवा भीतिदायक प्रसंग रंगविलेल्या असंख्य चित्रफिती यू-ट्यूबवर होत्या. त्यांची शीर्षके मुलांच्या नेहमीच्या शोधशब्दांनी भरलेली असत. त्यामुळे निरुपद्रवी कार्टूननंतर शिफारशींच्या वाटेने त्या मुलांपुढे येत. त्यांपैकी काही तर खास मुलांसाठी काढलेल्या ‘यू-ट्यूब किड्स’ या ॲपमध्येही शिरल्या होत्या.

ओरड झाल्यावर कंपनीने दीड लाखाहून अधिक चित्रफिती काढून टाकल्या आणि सव्वासहा लाखांच्या आसपास चित्रफितींवरील टिप्पण्या बंद केल्या. ८० लाखांहून अधिक सदस्य असलेली ‘टॉय फ्रीक्स’ ही वाहिनीही बंद करण्यात आली. यातून पालकांनी घ्यायचा धडा असा की, चित्र ओळखीचे आहे म्हणून चित्रफीत सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. पात्राकडे नव्हे, तर ती कोणत्या वाहिनीने तयार केली आहे याकडे पाहावे.

मुलांसाठी वेगळे दालन

‘यू-ट्यूब किड्स’ हे ॲप अमेरिकेत फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि भारतात नोव्हेंबर २०१६ मध्ये आले. ते विनामूल्य आहे. त्यात पालकांनी आपल्या गुगल खात्याने प्रवेश करून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद करावी, म्हणजे थोरल्या भावंडाच्या शिफारशी धाकट्याच्या पडद्यावर येत नाहीत.

मुलाची नोंद करताना आशयाच्या चार पर्यायांपैकी एक निवडावा लागतो. ‘प्रीस्कूल’ हा पर्याय चार वर्षे व त्याखालील, ‘यंगर’ हा पाच ते आठ आणि ‘ओल्डर’ हा नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. चौथा पर्याय आहे पालकांनी स्वतः मंजूर केलेल्या आशयाचा. पहिल्या तिन्ही पर्यायांत छाननीचे बरेचसे काम यंत्र करते आणि काही अयोग्य चित्रफिती त्यातून निसटू शकतात, हे कंपनीही मान्य करते. म्हणूनच केवळ ॲप बसवले आणि काम संपले, असे समजू नये.

पुढील बदल पहिल्याच दिवशी करून ठेवावेत. ॲपच्या कोपऱ्यातील कुलुपाच्या चिन्हावर टिचकी मारली की पालकांसाठीचा विभाग उघडतो.

- स्वतःचा सांकेतिक क्रमांक. हा विभाग उघडण्यासाठी ॲप मुळात एक गुणाकार विचारते. चार वर्षांच्या मुलासाठी हे कुलूप पुरेसे असले, तरी पाढे येणाऱ्या मुलासाठी ते कुलूपच नव्हे. त्याऐवजी चार अंकी क्रमांक ठरवावा आणि तो मुलासमोर दाबू नये.
- शोध बंद. लहान मुलाला टंकलेखन येत नसले तरी बोलून शोधता येते. शोधाची सोय बंद केल्यास ही वाट बंद होते आणि मुलाच्या नजरेस पडणाऱ्या चित्रफितींचा पसाराही आवरतो.
- ऑटोप्ले बंद. किड्स ॲपमध्ये ऑटोप्ले मुळातच बंद ठेवण्याचे धोरण कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले. तरीही ते बंद आहे ना, याची खात्री करून घ्यावी.
- पाहण्याची नोंद थांबवणे. ‘पॉज वॉच हिस्टरी’ हा पर्याय सुरू केल्यास मुलाने नव्याने पाहिलेल्या चित्रफितींच्या आधारे शिफारशी होत नाहीत. शिफारशी आधीच भरकटल्या असतील, तर ‘क्लिअर हिस्टरी’ने पाटी कोरी करता येते.
- वेळेची मर्यादा. ‘टायमर’ लावल्यास ठरलेली वेळ संपताच ॲप स्वतःच बंद होते. ‘बंद कर’ असे आईने सांगण्यापेक्षा ॲपने सांगितलेले मुले अनेकदा निमूट ऐकतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

एखादी नको असलेली चित्रफीत दिसलीच, तर तिच्यावरील तीन ठिपक्यांतून ती चित्रफीत किंवा ती संपूर्ण वाहिनी अडवता येते. यासाठी पालकांनी खात्यातून प्रवेश केलेला असणे आवश्यक आहे. शक्य असेल तेथे वाहिनीच अडवावी. एकेक चित्रफीत अडवत बसणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

सर्वांत खात्रीचा उपाय

पाच-सहा वर्षांखालील मुलांसाठी वर उल्लेखिलेला चौथा पर्याय, म्हणजे ‘केवळ मंजूर आशय’, हाच सर्वांत खात्रीचा होय. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या सोयीत पालक वाहिन्या, संग्रह किंवा सुट्या चित्रफिती निवडतात आणि मुलाला तेवढेच दिसते. शोध येथे चालतच नाही. यंत्राने काय रोखावे, हा प्रश्न उलटून पालकांनी काय येऊ द्यावे, असा होतो.

त्याची किंमत अर्थातच पालकांच्या वेळेने मोजावी लागते. अर्धा तास बसून यादी करावी लागते आणि मूल कंटाळले की ती बदलावी लागते. शिवाय संपूर्ण वाहिनी मंजूर केल्यास त्या वाहिनीवर उद्या येणारी नवी चित्रफीतही मुलाला दिसू शकते. म्हणून अनोळखी वाहिनी सरसकट मंजूर न करता तिच्यातील पाहून घेतलेल्या सुट्या चित्रफिती निवडाव्यात.

यादी लांबलचक असण्याची गरज नाही. लहान मुलांना नावीन्यापेक्षा पुनरावृत्ती प्रिय असते. दहा-पंधरा चांगल्या गोष्टी त्यांना कित्येक आठवडे पुरतात. मराठी घरांसाठी या यादीचा आणखी एक उपयोग आहे. प्रणालीवर सोडल्यास हिंदी आणि इंग्रजी बडबडगीतांच्या पुरात मराठी सहज वाहून जाते. यादी स्वतः केली तर भाषाही स्वतःच निवडता येते. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या लघुपटांपैकी अनेक मराठीत आहेत. ते पाहून मूल पडद्यापासून उठून कागद-कात्री शोधू लागते. पालकांनी निवड करताना हीच कसोटी लावावी : चित्रफीत संपल्यावर मूल काहीतरी करू लागते, की लगेच पुढची मागते?

मुख्य यू-ट्यूबच वापरत असाल तर

अनेक घरांत मूल आई-वडिलांच्या फोनवर मुख्य यू-ट्यूबच पाहते. तेथे नियंत्रण कमी आहे. तरी काही उपाय करता येतात.

‘रिस्ट्रिक्टेड मोड’ सुरू केल्यास प्रौढांसाठीचा बराचसा आशय गाळला जातो. मात्र ही चाळणी लहान मुलांसाठी बनविलेली नाही आणि तिची अचूकता सर्व भाषांत सारखी असेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय प्रत्येक उपकरणावर ती स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. ऑटोप्लेची कळही येथे हाताने बंद करावी लागते.

पाहण्याची व शोधण्याची नोंद खात्याच्या सेटिंगमधून थांबवता येते, पुसता येते किंवा ठरावीक महिन्यांनी आपोआप पुसली जाण्याची व्यवस्था करता येते. ऑगस्ट २०२३ पासून, ज्या खात्याची नोंद थांबवलेली आहे आणि पूर्वीचीही फारशी नोंद नाही, त्याच्या मुखपृष्ठावर शिफारशी दाखवणे यू-ट्यूबने बंद केले. लहान मुलाच्या हाती द्यायच्या फोनवर हे कोरे पान म्हणजे उणीव नसून सोय आहे.

‘शॉर्ट्स’ या अतिलघु चित्रफितींबाबत विशेष काळजी घ्यावी. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आल्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये ही सोय सर्वप्रथम भारतातच चाचणीसाठी सुरू झाली. तिच्यात शीर्षक वाचून निवडण्याचा प्रश्नच येत नाही. बोट वर सरकवले की पुढची चित्रफीत हजर होते आणि हे दीड वर्षाच्या बाळालाही जमते. त्यामुळे निवडलेली चित्रफीत आधी डाउनलोड करून, इंटरनेट बंद करून दाखवणे हा साधा पण परिणामकारक उपाय ठरतो. अँड्रॉइड फोनवरील ‘ॲप पिनिंग’ किंवा आयफोन-आयपॅडवरील ‘गायडेड ॲक्सेस’ वापरल्यास मूल उघडलेल्या ॲपमधून बाहेरही पडू शकत नाही.

कोणत्या बटणाचा किती उपयोग?

नको असलेली शिफारस दिसली की बहुतेक जण नापसंतीचा अंगठा किंवा ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबतात आणि निश्चिंत होतात. मोझिला या संस्थेने सुमारे २२ हजार ७०० स्वयंसेवकांच्या मदतीने केलेल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत. ‘नॉट इंटरेस्टेड’मुळे तशाच नकोशा शिफारशींपैकी केवळ ११ टक्के, तर नापसंतीच्या अंगठ्यामुळे १२ टक्के टळल्या. पाहण्याच्या नोंदीतून ती चित्रफीत काढून टाकल्यास हे प्रमाण २९ टक्के आणि ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ दाबल्यास ४३ टक्के होते.

ही पाहणी मुख्य यू-ट्यूबची आणि तेथील सर्वसाधारण वापरकर्त्यांची होती, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही तिचा अर्थ स्पष्ट आहे. सर्वांत प्रभावी बटणही निम्म्याहून अधिक वेळा अपुरे पडते. प्रणालीला ‘नको’ म्हणत राहण्यापेक्षा तिला निवडीची संधीच न देणे अधिक शहाणपणाचे.

दिवाणखान्यातील टीव्ही

स्मार्ट टीव्हीवर हा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो, कारण तेथे संपूर्ण कुटुंबाचे एकच खाते सुरू असते. टीव्हीसाठीचे स्वतंत्र किड्स ॲप कंपनीने जुलै २०२४ मध्ये बंद केले. त्याऐवजी मुख्य ॲपमध्येच खाते बदलून मुलाचा विभाग निवडता येतो. मुलाला टीव्ही लावून देण्यापूर्वी कोणाचे खाते सुरू आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. टीव्हीचा एक लाभ असा की तो सर्वांना दिसतो. स्वयंपाकघरातून कानावर पडणारा आवाजही एक प्रकारचे नियंत्रणच असते. म्हणून मुलांना हेडफोन लावून एकटे पाहण्यास शक्यतो देऊ नये.

मूल मोठे झाल्यावर

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला किड्स ॲप ‘बाळबोध’ वाटू लागते आणि ते मित्रांप्रमाणे मुख्य यू-ट्यूब मागते. यासाठी कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘देखरेखीखालील खाते’ ही मधली पायरी जाहीर केली. त्यात ‘एक्सप्लोर’ हा पर्याय साधारण नऊ वर्षांवरील, ‘एक्सप्लोर मोअर’ हा तेरा वर्षांवरील मुलांसाठी आहे. ‘मोस्ट ऑफ यू-ट्यूब’मध्ये वयाची अट असलेल्या चित्रफिती वगळून जवळपास सर्व काही येते. गुगलच्या ‘फॅमिली लिंक’ या ॲपमधून हे खाते हाताळता येते. या वयात केवळ कुलपे लावून भागत नाही. काय अडवले आणि का अडवले, हे मुलाशी बोलावे लागते. अन्यथा ते मित्राच्या फोनवर पाहते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्यास १९९८ च्या कायद्याने मनाई आहे. त्याच्या भंगाबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये गुगल आणि यू-ट्यूबने १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून चित्रफीत ‘मुलांसाठी’ आहे की नाही, हे ती टाकणाऱ्याने सांगणे जगभर सक्तीचे झाले. अशा चित्रफितींवर व्यक्तिगत जाहिराती आणि टिप्पण्या बंद झाल्या. परंतु हा शिक्का मारणारा माणूसच असतो आणि तो चुकतो. असा शिक्का योग्य रीतीने न मारल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नेसारख्या कंपनीलाही एक कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली.

भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ‘मूल’ याची व्याख्या अठरा वर्षांखालील व्यक्ती अशी केली आहे. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेणे, तसेच मुलांच्या वर्तनावर पाळत न ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती न दाखवणे, ही बंधने त्यात आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी त्यांत १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना यू-ट्यूबसह अनेक समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. यू-ट्यूब किड्स मात्र त्यातून वगळले. तथापि, खाते नसलेल्या मुलाच्या हातात पालकांचे खाते उघडे असलेला फोन आला, तर कोणताही कायदा तेथे पोहोचत नाही.

किती वेळ?

काय पाहावे याइतकाच किती पाहावे हाही प्रश्न आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना असलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दोन वर्षांखालील बाळांना नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ-संवाद वगळता पडदा दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी देखरेखीखाली दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तर पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी वेळ, अशी मर्यादा आहे.

थोडक्यात

- दोन वर्षांखाली : पडदा नको.
- दोन ते पाच वर्षे : किड्स ॲप, केवळ मंजूर आशय, वेळेची मर्यादा, मोठे माणूस जवळ.
- पाच ते आठ वर्षे : शोध व ऑटोप्ले बंद, नको त्या वाहिन्या अडवणे, आठवड्यातून एकदा पाहण्याची नोंद तपासणे.
- नऊ वर्षांपुढे : देखरेखीखालील खाते आणि मोकळा संवाद.
- सर्व वयांसाठी : पालकांचे खाते आणि मुलाचे पाहणे वेगळे ठेवणे.

यातील प्रत्येक गोष्ट करायला फार तर अर्धा तास लागतो. गोष्ट कोणती सांगायची, हे पूर्वी आजी ठरवत असे आणि मूल घाबरले की ती गोष्टीचा शेवटही बदलत असे. प्रणालीला मुलाचा चेहरा दिसत नाही; ती केवळ मिनिटे मोजते. चेहरा पाहण्याचे काम अजूनही घरातल्या माणसांचेच आहे.